मेसोलोंगी : खाजणांतील एक ग्रीक नगर

ग्रीस म्हटलें कीं आमच्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें अथेन्स आणि स्पार्टा हीं दोन नांवें उभीं राहतात. फार तर थीब्ज, कॉरिंथ व डेल्फाय यांची त्यांत भर पडते. थर्मोपिलीची खिंड, पेरिक्लीजचें भाषण आणि सॉक्रेटिसाचा विषाचा पेला येथपर्यंत आलें म्हणजे आमच्या कॉलेजांतील ग्रीक इतिहास संपतो, आणि पुढील दोन हजार वर्षें त्या देशांत जणूं कोणी राहतच नव्हतें अशा समजुतीनें आपण पुस्तक मिटतों. ज्या नगराविषयीं आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, त्याचें नांव प्राचीन ग्रंथांत कोठेंच सांपडावयाचें नाहीं. इंग्रजी काव्याच्या अभ्यासकांस तें ‘मिसोलाँघी’ म्हणून ठाऊक असतें, आणि तेंहि एवढ्यापुरतेंच कीं लॉर्ड बायरन तेथें वारला. बायरनच्या चरित्रकारांनीं या गांवाचें वर्णन चिखल, पाऊस आणि हिंवताप या तीन शब्दांत आटोपून टाकिलें आहे. गांवाची ओळख एका पाहुण्याच्या मृत्यूवरून व्हावी आणि गांवकऱ्यांच्या मरणाची कोणी चौकशीहि करूं नये, हा न्याय आम्हांस विचित्र वाटतो. म्हणून हा लेख.

प्रथम तेथील भूमीकडे पाहूं. कारण या नगराच्या इतिहासांतील बहुतेक गोष्टी तेथील चिखलानेंच घडविल्या आहेत. पेलोपोनीससचें द्वीपकल्प आणि उत्तरेकडील मुख्य भूमि यांच्यामध्यें पात्रासचें आखात शिरलेलें आहे. या आखाताच्या तोंडाशीं, उत्तर किनाऱ्यावर, पूर्वेस एव्हीनोस व पश्चिमेस अकेलूस अशा दोन नद्या समुद्रास मिळतात. पिंडस पर्वतांतून येणारी अकेलूस ही ग्रीसमधील थोर नद्यांपैकीं एक. या दोघींनीं हजारों वर्षें आणून टाकलेल्या गाळानें समुद्रापुढें वाळूचे लांबच लांब दांडे तयार झाले आणि त्यांच्या आड सुमारें दीडशें चौरस किलोमीटरांचें एक उथळ खारें सरोवर निर्माण झालें. आमच्या कोंकणांतील वाचकांस खाजण म्हटलें म्हणजे याची कल्पना येईल. मात्र हें खाजण एखाद्या तालुक्याएवढें आहे. पाणी पुष्कळ ठिकाणीं गुडघाभर, कोठें कमरेइतकें. मोठें जहाज मैलोगणती दूर उभें करावें लागतें, आणि पुढें सपाट बुडाच्या होड्यांतून, ठाऊक असलेल्या पाणवाटांनींच यावें लागतें. या होड्यांस तेथील लोक ‘प्रियारी’ म्हणतात. उत्तरेस अराकिंथोस नांवाचा डोंगर असून तो आणि सरोवर यांच्यामधल्या सपाट पट्टीवर, जवळजवळ पाण्याच्याच पातळीस, मेसोलोंगी वसलें आहे. त्याच्या वायव्येस थोड्या अंतरावर एटोलिको हें लहानसें गांव पाण्यांतील एका बेटावर असून दोन दगडी पुलांनीं जमिनीशीं जोडलेलें आहे.

या पाण्यावरच गांव जगलें. सरोवरांतील मासे ऋतुमानाप्रमाणें समुद्राकडे जाऊं लागले म्हणजे त्यांच्या वाटेवर कुडाचीं कुंपणें घालून त्यांस अडविण्याची तेथील कोळ्यांची जुनी रीत आहे. पाण्यांत खुंट रोवून त्यांवर बांधलेल्या झोंपड्यांतून ते राहत. बोई माशाची गाभोळी काढून ती खारवावयाची, वाळवावयाची आणि मेणाच्या पातळ थरांत गुंडाळून ठेवावयाची, हा येथील प्रसिद्ध जिन्नस. अजूनहि तो दूरदूरच्या बाजारांत मोठ्या किंमतीस विकला जातो. मिठागरें तर ग्रीसमधील सर्वांत मोठीं. मासे, मीठ आणि गाळ यांवर उभें राहिलेलें गांव दिसावयास रुबाबदार असण्याचें कारण नाहीं, आणि मेसोलोंगी तसें कधींच नव्हतें.

प्राचीनांचें लक्ष या भागाकडे होतें, परंतु तें नद्यांमुळें. मेलीअगरनें ज्या रानडुकराची शिकार केली तें कॅलिडोन नगर येथून जवळच होतें. प्ल्युरोनचे भक्कम तट तर गांवामागील टेकडीवर अद्यापि उभे आहेत. अकेलूस हा देव असून डायअनायरा हिच्यासाठीं त्याचें हेरॅक्लीजशीं युद्ध झालें व त्यांत त्याचें एक शिंग मोडलें, अशी कथा आहे. भूगोलकार स्ट्रॅबो यानें या कथेचा केलेला उलगडा मौजेचा आहे. हेरॅक्लीजनें बांध घालून व कालवे काढून नदीचा एक फांटा आवरला, त्यासच कवींनीं शिंग मोडणें म्हटलें, असें तो सांगतो. हिरॉडोटस व थ्यूसिडिडीझ या दोघांनींहि अकेलूसच्या गाळानें समोरचीं एकिनाडीझ बेटें जमिनीस जोडलीं जात असल्याचें नमूद केलें आहे. आमच्या पुराणांतील परशुरामानें समुद्र हटवून भूमि मिळविली, तेथें एका नदीनें मिळविली. याच बेटांजवळ ७ ऑक्टोबर १५७१ रोजीं तुर्की आरमाराचा पाडाव करणारी तुंबळ लढाई झाली. इतिहासांत ती लेपांटोची लढाई म्हणून गाजली, पण प्रत्यक्ष लेपांटो तेथून बरेंच दूर आहे. मेसोलोंगीचें खाजण जवळ. गांवाचें नांव कागदोपत्रीं प्रथम दिसूं लागतें तें याच सुमारास. ‘तळ्यांमधलें’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दांवरून तें आलें असावें, असा सर्वसाधारण समज आहे.

पुढें तुर्कांच्या अमलाखालीं येथील कोळ्यांचे नाखवे झाले, नाखव्यांचे व्यापारी झाले. १७६० मध्यें पानाग्योतिस पालामास या विद्वानानें येथें शाळा काढली व तिची कीर्ति दूरवर पसरली. १७७० मध्यें रशियाच्या चिथावणीनें ग्रीकांनीं उठाव केला, त्यांत हें गांवहि उठलें व जाळलें गेलें. रशियन निघून गेले. गांवानें पुन्हां गलबतें बांधलीं.

मे १८२१ मध्यें मेसोलोंगी स्वातंत्र्ययुद्धांत सामील झालें. त्याचें महत्त्व नकाशावरूनच कळतें. उत्तरेकडून पेलोपोनीससमध्यें उतरूं पाहणाऱ्या तुर्की सेनेच्या वाटेवर, पश्चिमेच्या बाजूस, हाच काय तो ग्रीकांचा अडसर होता. १८२२ च्या जुलैमध्यें पेटा येथें ग्रीकांचा मोड झाला, आणि शरद्ऋतूंत ओमेर व्रिओनी व रेशिद पाशा हे दोघे सेनापति गांवापुढें येऊन ठाकले. गांवाभोंवतीं तट म्हणावा असें कांहींच नव्हतें. मातीचा एक ठेंगणा बांध, एक उथळ खंदक आणि कांहीं जुन्या तोफा. आंत लढणारे कांहीं शेंकडे. आलेक्झांद्रोस माव्रोकोर्दातोस हा मुत्सद्दी आणि मार्कोस बोत्सारिस हा सूली येथील शूर सरदार, यांनीं शरणागतीच्या वाटाघाटी लांबवीत नेल्या. तेवढ्यांत समुद्रमार्गानें कुमक आली आणि वाटाघाटी थांबल्या. नाताळच्या पहांटे गांवकरी देवळांत असतील म्हणून तुर्कांनीं छापा घालण्याचें ठरविलें. पण ही बातमी आधींच फुटली आणि हल्ला परतवला गेला. ओमेर व्रिओनीच्या पदरीं असलेल्या एका ग्रीक शिकाऱ्यानें ती पोंचविली व त्याबद्दल त्याच्या बायकामुलांचा बळी गेला, असें सांगतात. वर्षाअखेर वेढा उठला. बोत्सारिस पुढच्याच वर्षीं ऑगस्टमध्यें कार्पेनिसी येथें पडला. त्याचा देह मेसोलोंगीस आणून पुरला आहे.

आतां बायरनकडे वळूं. तो जानेवारी १८२४ च्या आरंभीं आला आणि १९ एप्रिल रोजीं, म्हणजे साडेतीन महिन्यांत, छत्तिसाव्या वर्षीं वारला. त्यानें कोणतीहि लढाई मारली नाहीं. पण ज्यांनीं त्याच्या या दिवसांची कुचेष्टा केली आहे, त्यांशीं आम्ही सहमत नाहीं. ग्रीक आरमार बाहेर पडावें म्हणून त्यानें स्वतःचे ४,००० पौंड दिले, पांचशें उच्छृंखल सूलीकरांचा पगार पदरचा दिला, आणि आपसांत भांडणाऱ्या पुढाऱ्यांपैकीं कोणाच्याहि बाजूस तो गेला नाहीं. कवीच्या अंगीं व्यवहार नसतो म्हणतात. त्या गांवीं त्या वेळीं सर्वांत व्यवहारी मनुष्य हा कवीच होता. पावसांत भिजून आलेला ताप आणि डॉक्टरांनीं पुनःपुन्हां काढलेलें रक्त, या दोहोंनीं त्याचा अंत केला.

त्याच्याबरोबरचा दुसरा एक इंग्रज मात्र महाराष्ट्रीय वाचकांनीं थोडा निरखून पाहावा, असें आम्हांस वाटतें. हा कर्नल लेस्टर स्टॅनहोप. लंडनमधील ग्रीकसाह्यक मंडळानें त्यास पाठविलें होतें. हा बेन्थॅमचा निष्ठावंत शिष्य. ग्रीकांस तोफांपेक्षां आधीं छापखाना पाहिजे, असा त्याचा आग्रह. बायरन त्याची थट्टा करीत असे. या छापखान्यांतून १ जानेवारी १८२४ रोजीं ‘एलिनिका क्रोनिका’ म्हणजे ‘ग्रीक वृत्तान्त’ हें पत्र निघूं लागलें. आमचें ‘दर्पण’ निघालें त्याच्या आधीं आठ वर्षें. संपादक योहान याकोब मायर नांवाचा एक स्विस होता. खाजणाच्या कांठच्या या कोळ्यांच्या गांवीं वृत्तपत्र चालवून दाखविण्याचें श्रेय स्टॅनहोपला दिलेंच पाहिजे. परंतु हाच कर्नल सहा वर्षांपूर्वीं कोठें होता? सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेंत, आमच्याच देशांत. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपूर येथें होळकरांच्या सैन्याचा मोड झाला, त्या लढाईंत तो होता. आणि २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं खानदेशांतील थाळनेर घेतलें, तेव्हांहि होता. थाळनेरच्या वेशींत घोंटाळा होऊन दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, त्याबद्दल हिस्लॉपनें सगळी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदारास झाडावर फांशीं दिलें. विलायतेच्या पार्लमेंटांतहि या कृत्याची चर्चा झाली. तापीच्या कांठीं किल्ला राखणारा फांसावर जातो आणि अकेलूसच्या कांठीं किल्ला राखणाऱ्यास छापखाना मिळतो! स्टॅनहोप ढोंगी होता असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. हिंदुस्थानांतील वृत्तपत्रांस स्वातंत्र्य असावें या मताचें पुस्तक त्यानें १८२३ मध्यें प्रसिद्ध केलें होतें, व तें ग्रीसला जाण्यापूर्वीं. त्याच्या बुद्धीनें स्वातंत्र्याचें तत्त्व पत्करलें होतें. नोकरीनें त्याला दुसरीकडे उभें केलें होतें. अशीं माणसें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडानें पुष्कळ निर्माण केलीं आणि आमच्या कित्येक पिढ्यांस त्यांच्याशीं वागावें लागलें. बायरनचें शव विलायतेस नेणाऱ्या ‘फ्लॉरिडा’ जहाजावरून हा कर्नलहि परत गेला. तें जहाज येतांना काय घेऊन आलें होतें, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लंडनच्या सावकारांनीं ग्रीकांस दिलेल्या कर्जाचा पहिला हप्ता त्यावर होता. बायरन ज्याची वाट पाहत होता तो पैसा त्याच्या मृत्यूनंतर कांहीं दिवसांनीं पोंचला.

या कर्जांची हकीकत सांगितल्यावांचून पुढील वेढ्याचा अर्थ कळणार नाहीं. १८२४ चें कर्ज नांवाला ८ लक्ष पौंडांचें, पण शेंकडा ५९ या भावानें काढलेलें. १८२५ चें २० लक्षांचें, शेंकडा साडेपंचावन्न भावानें. त्यांतून आगाऊ व्याज, दलाली आणि नाना खर्च वजा जाऊन जें हातीं आलें, त्यांतील बराच भाग ग्रीकांच्या आपसांतील दोन यादवी युद्धांत उडाला. खलाशांचे पगार थकले. पगार न मिळालेला खलाशी घरीं जातो, आणि खलाशी घरीं गेला म्हणजे मेसोलोंगीस धान्य येत नाहीं. भाऊबंदकीचा हा हिशेब मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास समजावून सांगण्याची गरज नाहीं.

एप्रिल १८२५ मध्यें रेशिद पाशा पुन्हां आला. ‘मेसोलोंगी किंवा तुझें डोकें’ अशी सुलतानाची आज्ञा होती, अशी आख्यायिका आहे. या वेळीं गांव पूर्वींसारखें उघडें नव्हतें. मिखाईल कोकिनिस नांवाच्या खिऑसच्या इंजिनियरानें मातीचाच, पण शास्त्रशुद्ध तट उभारला होता, आणि त्याच्या बुरुजांस फ्रँक्लिन, कोशियुस्को, विल्यम ऑफ ऑरेंज अशीं देशोदेशींच्या स्वातंत्र्यवीरांचीं नांवें दिलीं होतीं. या मातींत तोफेचा गोळा रुतून बसे. दगडी तटासारखें खिंडार पडत नसे. जमिनीकडून रेशिदचे हल्ले सबंध उन्हाळा फसत गेले. समुद्राकडून मियाउलिसचें आरमार अधूनमधून येऊन धान्य-दारूगोळा उतरवी आणि कोळ्यांच्या होड्या तो रात्रीं पाणवाटांनीं आंत आणीत. जोंपर्यंत खाजण ग्रीकांच्या हातीं होतें, तोंपर्यंत गांव पडण्याची भीति नव्हती.

हें ओळखलें तें इजिप्तच्या महंमद अलीचा पुत्र इब्राहीम पाशा यानें. युरोपीय पद्धतीनें कवाईत शिकविलेली फौज घेऊन तो १८२५ च्या हिंवाळ्यांत आला. पहिल्यानें त्यानेंहि तटावर डोकें आपटून पाहिलें. मग त्यानें सपाट बुडाचीं तरांडीं आणवून त्यांवर तोफा चढविल्या आणि सरोवरांतील बेटें एकामागून एक घेण्यास आरंभ केला. फेब्रुवारीच्या अखेरीस पाणवाटेच्या तोंडावरील वासिलादी पडलें. पाठोपाठ एटोलिको शरण गेलें. क्लीसोवा नांवाच्या बेटावर, एका लहानशा देवळाच्या आडोशानें, किच्चोस जावेलास व त्याचे शेंसव्वाशें लोक मात्र २५ मार्च रोजीं (जुन्या ज्यूलियन पंचांगाप्रमाणें, तेंच ग्रीकांत तेव्हां चालू होतें) हजारों शत्रूंस दिवसभर पुरून उरले. तुर्की व इजिप्शियन शिपाई चिखलांत अडकून मारले गेले, आणि इब्राहीमचा हुसेन बे हा नामांकित सरदारहि तेथेंच पडला. जय खरा, पण त्यानें भाकर मिळाली नाहीं. एप्रिलच्या आरंभीं मियाउलिस शेवटचा आला, वेढा फोडण्याचा प्रयत्न करून परत गेला. गांवांतील लोक त्याचीं शिडें दिसेनाशीं होईपर्यंत तटावर उभे असले पाहिजेत.

‘एलिनिका क्रोनिका’ फेब्रुवारीपर्यंत निघत होतें. गोळ्यांनीं छापखाना उद्ध्वस्त झाल्यावर तें बंद पडलें. नंतरच्या दिवसांची हकीकत निकोलाओस कासोमूलिस या शिपाईगड्यानें आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. घोडे, गाढवें, खेंचरें संपलीं. मग कुत्रीं, मांजरें व उंदीर. शेवटीं खाजणांतली खारट पालेभाजी, पुनःपुन्हां उकळून कडवटपणा काढलेली. हत्यारें खालीं ठेवाल तर जीव वांचवूं, असें इब्राहीमनें कळविलें होतें. हत्यारें खालीं ठेवण्यास आंतील लोक तयार झाले नाहींत. पंचायत बसली, आणि बाहेर पडावयाचें ठरलें. बायकामुलांस आपल्याच हातानें मारून मग निघावें, असाहि विचार पुढें आला. रोगोईचा धर्माधिकारी योसीफ यानें तो मोडून काढला. राजपुतांच्या जोहाराची आठवण येथें आमच्या वाचकांस होईल. परंतु येथें एका धर्मगुरूनें जोहारास नकार दिला, हें विसरतां कामा नये.

१० एप्रिल १८२६ (नव्या गणनेनें २२ एप्रिल) ही पाम संडेच्या आदली रात्र. आपल्या पंचांगाप्रमाणें ती चैत्री पौर्णिमेच्या सुमाराची होती. खंदकावर लांकडी पूल टाकून तीन तुकड्यांनीं निघावयाचें, पहिल्या दोन लढणाऱ्यांच्या आणि तिसरी गांवकऱ्यांची, असा बेत होता. बऱ्याच बायकांनीं पुरुषी वेष घेतला होता. आंत त्या वेळीं नऊदहा हजार माणसें असून हत्यार धरणारे साडेतीन हजार असावेत. डोंगरावरून कारायस्काकिसच्या माणसांनीं शत्रूच्या पाठीवर यावें असें ठरलें होतें. कारायस्काकिस स्वतः आजारी होता आणि आले ते फार थोडे. शत्रूस बेत आधींच कळला होता. फितुरीची गोष्ट ग्रीक परंपरेंत सांगतात, आणि ती खोटी म्हणण्यास आमच्याजवळ आधार नाहीं. पण हजारों माणसें चांदण्यांत चार पुलांवरून निघावयाचीं, तेथें फितूर नसता तरी काय निराळें झालें असतें? पहिल्या तुकड्या तरवारी उपसून गर्दींतून पार झाल्या. तिसरीमध्यें ‘मागें फिरा’ अशी हांक उठली, कोणी दिली तें कळलें नाहीं, आणि गांवकरी पुन्हां गांवांत शिरले. त्यांच्या पाठोपाठ शत्रूहि शिरला. ख्रिस्तोस काप्सालिस या वृद्ध पुढाऱ्यानें आपल्याभोंवतीं जमलेल्या अशक्त व जखमी लोकांसह दारूचें कोठार उडवून दिलें. ज्यानें जोहार मोडला होता, त्या योसीफनेंहि पवनचक्कींत शेवटपर्यंत झुंजून दारूला बत्ती लाविली. कोकिनिस आणि संपादक मायर दोघेहि त्या रात्रीं मारले गेले. डोंगर गांठून वांचलेल्यांची संख्या निरनिराळे लेखक तेराशें ते अठराशेंपर्यंत देतात. बायकामुलें गुलाम म्हणून विकलीं गेलीं.

या पराभवानें जें झालें तें विजयानें झालें नसतें, असें युरोपीय इतिहासकार लिहितात. देलाक्रवाचें प्रसिद्ध चित्र त्याच वर्षींचें. सोलोमोस या कवीनें झांटे बेटावर बसून तोफांचे आवाज ऐकले आणि ‘स्वतंत्र वेढलेले’ हें काव्य आरंभिलें, तें त्याच्या हातून जन्मभर पुरें झालें नाहीं. पुढच्या वर्षीं २० ऑक्टोबरला नाव्हारिनो येथें इंग्रज, फ्रेंच व रशियन आरमारांनीं तुर्की-इजिप्शियन आरमार बुडविलें. हें सर्व खरें. परंतु युरोपची सहानुभूति मिळविण्यासाठीं कोणी मरत नाहीं. मेसोलोंगीचे लोक मेले ते धान्याचीं जहाजें आलीं नाहींत म्हणून, आणि जहाजें आलीं नाहींत तीं ज्यांच्या हातीं पैसा होता त्यांनीं तो एकमेकांवर तोफा रोखण्यांत खर्चिला म्हणून. हा दोष तुर्कांच्या माथीं मारतां येत नाहीं. ग्रीक इतिहासकारांनींच तो वेळोवेळीं आपल्या लोकांच्या पदरांत घातला आहे, आणि आम्हांस त्यांचा आदर वाटतो तो याकरितां.

मे १८२९ मध्यें गांव पुन्हां ग्रीकांच्या हातीं आलें. काप्पोदिस्त्रियास याच्या आज्ञेनें तटाजवळ हाडें गोळा करून एक उद्यान केलें, त्यास आतां ‘वीरांचें उद्यान’ म्हणतात. तेथें बोत्सारिसची समाधि आहे, अनामिकांची एक मोठी मातीची रास आहे आणि १८८१ मध्यें उभारलेला बायरनचा पुतळा आहे. १९३७ मध्यें राजाज्ञेनें गांवास ‘पवित्र नगर’ ही पदवी मिळाली. गांव लहानच राहिलें. जिल्ह्याचें ठाणें असूनहि लोकवस्ती बारातेरा हजारांच्या आसपास, आणि तंबाखूच्या व्यापारावर वाढलेलें आग्रिनियो त्याच्या पुष्कळ पुढें निघून गेलें. परंतु या लहान गांवानें नव्या राष्ट्रास माणसें दिलीं. बायरनच्या प्रेतयात्रेंत भाषण करणारा स्पिरिदोन त्रिकूपिस हा येथलाच. तो पुढें पंतप्रधान झाला व त्यानें स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास लिहिला. त्याचा मुलगा खारिलाओस त्रिकूपिस हा एकोणिसाव्या शतकांतील ग्रीसचा सर्वांत मोठा मुत्सद्दी. कॉरिंथचा कालवा त्याच्या कारकीर्दींत खोदला गेला, आणि तो उघडला त्याच १८९३ सालीं राष्ट्राचें दिवाळेंहि त्याच्याच कारकीर्दींत निघालें. १८९५ मध्यें त्यास मतदारांनीं पाडलें व पुढील वर्षीं तो फ्रान्समध्यें वारला. पात्रासच्या बाजूनें आखातावर पूल बांधावा हें त्याचें जुनें स्वप्न २००४ मध्यें पुरें झालें आणि पुलास त्याचेंच नांव आहे. कवि कोस्तिस पालामास हा त्या शाळा काढणाऱ्या पालामासाच्या घराण्यांतला. तो लहानपणीं पोरका होऊन येथें वाढला. खाजणावरच्या त्याच्या कविता १९१२ मध्यें निघाल्या, आणि ऑलिंपिक सामन्यांच्या स्तोत्राचे शब्दहि त्याचेच.

दरवर्षीं त्याच रात्रीं, पंचांगाप्रमाणें ती तारीख पुढेंमागें होते, गांवकरी तटाच्या दरवाज्यापासून मिरवणूक काढतात. दूरदूरचे ग्रीक जुने पोशाख घालून तीस येतात. एरवीं गांव आपल्या पाण्याच्या उद्योगांत असतें. विसाव्या शतकांत सरोवराचा कांहीं भाग शेतीसाठीं आटविण्यांत आला. १९७५ पासून उरलेल्या पाणथळीस पक्ष्यांसाठीं आंतरराष्ट्रीय संरक्षण आहे. अकेलूसवर १९६० नंतर मोठालीं धरणें झालीं. स्ट्रॅबोनें वर्णिलेला तिचा गाळ आतां त्या धरणांमागें अडतो, आणि वाळूचे जे दांडे समुद्रास सरोवराबाहेर ठेवीत आले, ते समुद्र हळूहळू खाऊं लागला आहे.